एमजीए १५०० मध्ये मोठे इंजिन बसवावे काय? (रत्नागिरी, आंबा घाटाचा नेहमीचा प्रवास)

पावसचा_प्रवासी

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे १९५८ सालची, एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीए १५०० ही उघडी, दोन आसनांची गाडी आहे. मामांनी ती मुंबईत एका जहाजी अधिकाऱ्याकडून घेतली होती आणि त्यांच्या पश्चात ती पावसला माझ्याकडे आली. मूळ इंजिन मामांच्या हयातीतच निकामी झाले, तेव्हा मेस्त्रींनी त्या जागी ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन बसवले. दोन्ही इंजिने ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीज या एकाच घराण्यातील असल्यामुळे ते विनातक्रार बसले आणि आजही चालते. पूर्णगडाकडे फेरफटका मारायला किंवा भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीत जायला ते पुरेसे आहे.

अडचण घाटाची आहे. कामानिमित्त मला कोल्हापूरला जावे लागते, आणि साखरपा सोडून आंबा घाट लागला की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकते. दोन वळणे होतात न होतात तोच दुसरा गिअर टाकावा लागतो आणि माथ्यापर्यंत तोच राहतो. मागून एस.टी. येऊन हॉर्न वाजवते, हे स्पोर्ट्स कारला शोभत नाही.

म्हणून मोठ्या इंजिनाचा विचार मनात आहे. एका भंगारवाल्याकडे नंतरच्या ॲम्बेसेडरचे इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह मिळते आहे. दुसरा विचार एमजीबीच्या (एमजीएनंतरचे मॉडेल) १७९८ सीसीच्या इंजिनाचा आहे, परंतु ते इंग्लंडहून मागवावे लागेल. पुण्यातील एका मित्राने तर रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही-८ सुचवले आहे. तो मित्र स्वतः स्कूटर चालवतो, हे येथे नमूद करतो.

यांपैकी कोणते इंजिन योग्य ठरेल, त्याबरोबर आणखी काय काय बदलावे लागेल, आणि आर.टी.ओ.च्या दृष्टीने हे कितपत शक्य आहे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यमनगरी

नमस्कार. कोल्हापुरात इंजिनांच्या मशिनिंगचे काम करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

आपली गाडी १४८९ सीसीमुळेच दमते, हे अजून सिद्ध झालेले नाही. एमजीए आणि ॲम्बेसेडर यांचा ब्लॉक एकाच घराण्यातला, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८८.९ मिलिमीटर हेही तेच. तरी एमजीएचे इंजिन प्रारंभी ६८ आणि पुढे ७२ अश्वशक्ती देत असे, तर ॲम्बेसेडरचे पन्नाशीच्या आसपासच थांबत असे. हा फरक हेड, कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन आणि कार्बोरेटर यांत आहे. एमजीएला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर आणि ८.३ चे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण कितीपट दाबले जाते ते गुणोत्तर) होते. ॲम्बेसेडर ही त्या काळच्या हलक्या पेट्रोलवर, सहा माणसे आणि त्यांचे सामान घेऊन सावकाश चालण्यासाठी बांधलेली गाडी असल्यामुळे तिला एकच कार्बोरेटर आणि कमी कॉम्प्रेशन दिलेले होते. म्हणजे आपल्या बॉनेटखाली स्पोर्ट्स कारचे इंजिन नसून टॅक्सीचे इंजिन आहे, आणि ते टॅक्सीसारखेच घाट चढते.

पहिले काम कॉम्प्रेशन टेस्टचे. इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून आकडे घ्यावेत. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा बराच खाली असेल, तर त्या प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा आणि वाढला नाही तर व्हॉल्व्हचा, असे समजण्यास हरकत नाही.

दुसरे काम हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे. हेड काढल्यावर ते उलटे ठेवावे, ज्वलनकक्षावर ग्रीस लावून छिद्र पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बसवावी आणि ब्युरेटने रॉकेल सोडून कक्षाचे घनफळ मोजावे. एका सिलिंडरची क्षमता ३७२ सीसी आहे. आपल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन ७.२ असेल, तर पिस्टन वर असताना उरणारी एकूण जागा ६० सीसीच्या आसपास भरेल, ८.३ हवे असेल तर ती ५१ वर आणावी लागेल. या जागेत गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या माथ्यावरचा खळगाही धरावा लागतो, त्यामुळे केवळ अंदाजाने हेड प्लेन करणाऱ्याच्या हाती आपले हेड देऊ नये. एकदा काढून टाकलेले लोखंड परत चिकटवता येत नाही. त्याच वेळी एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या व्हॉल्व्ह-सीट बसवून घ्याव्यात, कारण या इंजिनांची रचना शिसेयुक्त पेट्रोल गृहीत धरून झाली होती आणि ते पेट्रोल आपल्याकडे २००० सालच्या फेब्रुवारीपासून मिळत नाही.

ब्लॉक झिजलेला निघाला तर रिबोअर करावा, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठे करावे लागतीलच. चाळीस थाउजंड (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइज पिस्टन टाकले तर क्षमता १५३१ सीसी होते. त्याने घाट सपाट होणार नाही, पण दोन एसयू, योग्य कॉम्प्रेशन आणि एमजीएच्या प्रतीचा कॅम यांच्या जोडीला ते बसले, तर आज मिळते त्याहून साधारण तिसऱ्या हिश्शाने अधिक शक्ती मिळायला हवी. मोठे इंजिन आणण्याचा खर्च पाहता हे आधी करून पाहावे, असे माझे मत आहे.

सावंतवाडी_टॅपेट

वरील प्रतिसादातील तपासणीविषयी दुमत नाही, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. घाट चढताना अश्वशक्तीपेक्षा इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) कामी येतो. कॉम्प्रेशन आणि कार्बोरेटर यांनी वाढणारी शक्ती बहुतेक वरच्या फेऱ्यांमध्ये वाढते. आंबा घाटात वळणावर ट्रक पुढे असताना इंजिन ५००० फेऱ्यांवर ठेवणार कसे? एमजीए १५०० चा टॉर्क ३५०० फेऱ्यांवर सुमारे १०४ न्यूटन-मीटर होता. एमजीबीच्या १७९८ सीसीच्या इंजिनाचा ३००० फेऱ्यांवर सुमारे १४९ आहे. हा फरक पायाखाली लगेच जाणवतो.

शिवाय ही अदलाबदल परकी नाही. एमजीबीचे इंजिन त्याच बी-सिरीजचे आहे. स्ट्रोक तोच ८८.९, केवळ बोअर वाढवून ८०.२६ मिलिमीटर केलेला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही इंजिने वेगळी ओळखता येणे कठीण. एमजीएच्या मालकांनी इंग्लंड-अमेरिकेत हा बदल इतक्या वर्षांपासून केलेला आहे की त्यात अज्ञात असे काही उरलेले नाही.

मात्र कोणते १७९८ घ्यायचे, हे नीट पाहावे. १९६२ पासूनच्या पहिल्या एमजीबींना तीन मेन बेअरिंगचे (क्रँक ज्यांवर फिरतो ती) इंजिन होते. त्यांच्या क्रमांकाची सुरुवात १८जी किंवा १८जीए अशी होते. ते एमजीएच्या गिअरबॉक्सशी फारसा त्रास न देता जुळते. १९६४ च्या अखेरीस १८जीबी हे पाच बेअरिंगचे इंजिन आले. ते अधिक दणकट आहे, पण क्रँकची मागची बाजू बदललेली असल्यामुळे मागची प्लेट, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक ज्यात फिरते ती स्पिगॉट बुश, या तिन्ही गोष्टी जुळवून घ्याव्या लागतात. लेथवर काम करणारा चांगला माणूस असेल तर हे अवघड नाही. विक्रेत्याला इंजिनाच्या क्रमांकाच्या पट्टीचे छायाचित्र मागावे आणि ते आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

डिफरन्शियलचाही विचार याच वेळी करावा. एमजीए १५०० चे क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी जोडी) ४.३ चे आहे, आणि चौथ्या गिअरमध्ये १००० फेऱ्यांना गाडी ताशी सुमारे २७ किलोमीटर जाते. सुरुवातीच्या एमजीबीचे ३.९०९ चे डिफरन्शियल एमजीएच्या घरात बसते. ते बसवल्यास ताशी ८० किलोमीटरला इंजिन सुमारे २९०० ऐवजी २६५० फेऱ्यांवर चालेल. महामार्गावर कान शांत राहतात. पण हा बदल १७९८ बरोबरच करावा. आपल्या आजच्या इंजिनाला ३.९०९ दिले तर घाटात दुसराही पुरणार नाही.

आता ब्रेक. आपली गाडी १५०० आहे, म्हणजे चारही चाकांना दहा इंची ड्रम आहेत; पुढच्या डिस्क १९५९ साली १६०० या मॉडेलबरोबर आल्या. आंबोली घाटात जुन्या गाड्या उतरवणारे आमचे एक वयस्क मेस्त्री मोठ्या इंजिनाची गोष्ट निघाली की एकच विचारायचे, ‘चढतली ती, पण उतरवतलो कोण?’ ड्रम तापले की पेडल घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, आणि पावसाळ्यात पाण्यातून गेल्यावर पहिल्या दोन-तीन दाबांना तर ते कधी एका बाजूलाच धरतात. १७९८ बसवायचे ठरले, तर पुढच्या डिस्क ही त्या कामातली पहिली पायरी समजावी.

एमजीएमध्ये ब्रेक आणि क्लच या दोन्हींचा मास्टर सिलिंडर एकाच ओतीव घडणीत असतो आणि वर ऑइलचे भांडेही एकच असते. त्याच्या आतील रबरी वॉशर जुने झाले असतील, तर नव्या डिस्क लावूनही काही साधणार नाही. समुद्रकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीत हे बोअर आतून गंजून खड्डे पडलेले मी पाहिले आहेत. अशा वेळी पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घेणे बरे.

हातखंबा_नाका

मी इसुझूची बाजू मांडतो, कारण येथे ती कोणी मांडणार नाही असे दिसते.

१९९३ पासून ॲम्बेसेडर १८०० मध्ये आणि त्याआधीपासून कॉन्टेसा क्लासिकमध्ये हे इंजिन आपल्या रस्त्यांवर चाललेले आहे. ओव्हरहेड कॅम, पाच गिअर, आणि सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्ती अगदी मुकाट देणारे. इंग्लंडहून आणलेल्या इंजिनाची एखादी लहानशी वस्तू बिघडली, तर महिनाभर गाडी झाकून ठेवावी लागते. इसुझूची वस्तू आजही कोल्हापुरात किंवा मुंबईत विचारपूस केल्यास मिळू शकते. ज्याला गाडी मिरवायची नसून चालवायची आहे, त्याने हेही पाहावे. पाचवा गिअर मिळतो तो वेगळाच.

उद्यमनगरी

इसुझूचे इंजिन उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. वाद एमजीएच्या चॅसीविषयी आहे.

एमजीएची चॅसी वेगळी आहे आणि तिच्यावर बॉडी बसवलेली आहे. बी-सिरीजचे इंजिन तीत पुढच्या बाजूला टायमिंग कव्हरच्या मागे असलेल्या लोखंडी प्लेटवर टेकते. इसुझूला अशी प्लेट नाही, म्हणजे चॅसीला नवे माउंटिंग वेल्ड करावे लागेल. गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर एमजीएमध्ये चॅसीला पक्का जोडलेला आहे, तो बोल्ट काढून सुटत नाही. लांब गिअरबॉक्स घालायचा तर तेथे कापाकापीची वेळ येते. आणखी एक गोष्ट अशी की, बी-सिरीजमध्ये कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या बाजूला असतात, त्यामुळे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत उजवी बाजू स्टिअरिंगच्या दांड्यासाठी मोकळी राहते. इसुझूचे इनलेट एका अंगाला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या अंगाला आहे. यांपैकी एक स्टिअरिंगच्या दांड्याशी भांडणार, हे ठरलेले.

व्ही-८ विषयी एवढेच लिहितो की, ते ॲल्युमिनियमचे असल्यामुळे वजनाने जड नाही आणि एमजीने स्वतः १९७३ ते १९७६ या काळात एमजीबी जीटीमध्ये ते बसवून २,५९१ गाड्या विकल्या. पण ती गाडी एमजीबी होती, एमजीए नव्हे; तिचे इंजिनघर रुंद, पुढे डिस्क आणि मागचा ॲक्सल मजबूत. केवळ मोठे इंजिन बसवले म्हणून गाडी चांगली होत नाही, याचा धडाही एमजीनेच दिलेला आहे: १९६७ च्या एमजीसीमध्ये २९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे लोखंडी इंजिन घातले, ते चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होते, आणि वळणावर नाक बाहेर ओढते म्हणून त्या गाडीला इतके बोल लागले की १९६९ साली ती बंदच झाली. आंबा घाटात वळणे किती आहेत, ते आपण जाणताच.

जुना_परवाना

तांत्रिक बाजूवर पुरेशी चर्चा झाली आहे. कागदपत्रांविषयी मात्र येथे अद्याप कोणी लिहिलेले नाही, आणि माझ्या मते निर्णय तेथेच होणार आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा अर्थ लावताना ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याखेरीज, अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेयरने नोंदणीपुस्तकातील इंजिन क्रमांक पडताळला, तर दाव्याचे काय होईल याचा विचार आपणच करावा.

आपली गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अशा दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे लागते, म्हणजे चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. इसुझू किंवा व्ही-८ बसवून चॅसी कापली, तर हा मार्ग कायमचा बंद होतो. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी: व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. कामानिमित्त कोल्हापूरला जाणे त्यात बसणार नाही. तेव्हा ही गाडी आपल्याला जपायची आहे की वापरायची आहे, ते आधी ठरवावे लागेल.

नोंदणीपुस्तकात आज कोणता इंजिन क्रमांक आहे, तो आपण पाहिला आहे काय? एमजीए १५०० चा मूळ क्रमांक बहुधा १५जीबी किंवा १५जीडी या अक्षरांनी सुरू होणारा असेल.

मालगुंडची_खारी_हवा

एक वेगळा मुद्दा मांडतो. इंजिन कोणतेही असो, ते ज्या चॅसीवर टेकणार ती आधी पाहावी.

एमजीएच्या पायाखालची जमीन प्लायवूडच्या फळ्यांची असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि या गाडीला वर-खाली होणाऱ्या काचाही नाहीत, केवळ अडकवायचे साइड-स्क्रीन आहेत. त्यामुळे पाणी आत येतेच आणि त्या फळ्या ते धरून ठेवतात. फळी ज्या लोखंडी कडेवर बसते, ती कड त्या ओलाव्यात वर्षानुवर्षे राहून आतून कागदासारखी होते. फळ्या काढून, टोकदार स्क्रूड्रायव्हरने त्या कडा टोचून पाहाव्यात. तो आत गेला तर इंजिनाचा विषय बाजूला ठेवून टिंकरकाम करणारा माणूस शोधावा. आसनांमागे, दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्या ज्या चौकटीत बसतात, ती चौकटही पाहावी. तेथे खाऱ्या हवेला ॲसिडची साथ असते. दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आहे; तो पत्रा जेथे लोखंडी सांगाड्यावर मुडपलेला आहे, तेथे पांढरी भुकटी दिसली तर दोन धातूंच्या मधला गंज सुरू झाला आहे असे समजावे.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. त्याने जुन्या रबरी नळ्या मऊ होतात, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीच्या तळाशी पाणी साचून पत्रा खातो. नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि फ्लोट चेंबरचे वॉशर इथेनॉलला टिकणारे घ्यावेत. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर मिश्रण पातळ होत असल्यामुळे एसयू कार्बोरेटरमधली, पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुईही कदाचित बदलावी लागेल. घाटात गाडी दमण्याचे अर्धे कारण एखाद्या वेळी येथेच सापडायचे.

पावसचा_प्रवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवलेल्या तपासण्या करून लिहितो आहे.

तीन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आहे आणि तिसऱ्याचे बरेच कमी. ऑइल सोडल्यावर तो आकडा हलला नाही, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा दिसतो. हेड आता काढणे आलेच. फळ्यांखालची कड डाव्या बाजूला ठीक आहे. उजव्या बाजूला, चालकाच्या टाचेखाली, स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला.

नोंदणीपुस्तकातील क्रमांक १५जीबीनेच सुरू होतो. याचा अर्थ ॲम्बेसेडरचे इंजिन बसवल्याची नोंद कधी झालेलीच नाही. मूळ ब्लॉक मामांनी तेव्हाच भंगारात दिला, त्यामुळे तो परत बसवण्याचा प्रश्न उरत नाही.

इसुझूचा विचार मी सोडला आहे. व्ही-८ सुचवणाऱ्या मित्राला एमजीसीची गोष्ट कळवली आहे. १४८९ दुरुस्त करायचे की १७९८ मागवायचे, एवढाच प्रश्न उरतो.

जुना_परवाना

कलम ५२ मध्ये, झालेल्या बदलाची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्याला १४ दिवसांत देण्याची तरतूद आहे. आपल्या बाबतीत ती मुदत केव्हाच उलटली आहे, तरीही आता स्वतःहून रत्नागिरीच्या कार्यालयात अर्ज करणे हेच श्रेयस्कर. ॲम्बेसेडरच्या इंजिनाचे बिल किंवा मामांचे काही पत्र सापडते काय, ते पाहावे. इंजिन एकाच घराण्याचे, त्याच क्षमतेचे आणि त्याच इंधनावर चालणारे आहे, ही गोष्ट अर्जात स्पष्ट लिहावी. हे प्रकरण मिटण्याआधी १७९८ आणले, तर आपण एका नोंद नसलेल्या इंजिनाच्या जागी नोंद नसलेले दुसरे बसवाल, आणि या वेळी क्षमताही वेगळी असेल. पुढेमागे व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर १४८९ चे बी-सिरीज इंजिन मूळ स्वरूपात धरायचे की नाही, हे तपासणी करणारी समिती ठरवील. परंतु तेथे बाजू मांडायला जागा तरी आहे.

सावंतवाडी_टॅपेट

नोंदणीची परिस्थिती पाहता १७९८ चा आग्रह मी तूर्त मागे घेतो. टॉर्कविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे, म्हणून १४८९ करताना कॅम निवडाल तेव्हा वरच्या फेऱ्यांच्या मोहात न पडता सौम्य, रस्त्यावरचाच कॅम घ्यावा आणि ४.३ चे क्राऊन-पिनियन जसेच्या तसे ठेवावे. पुढच्या डिस्क १४८९ असतानाही बसवता आल्या तर बसवाव्यात. त्यालाही मंजुरी लागेल, म्हणून तो अर्ज याच खेपेला द्यावा.

उद्यमनगरी

हेड काढणारच आहात, तर तीन गोष्टी एकत्र पाठवाव्यात: हेड, कॅमशाफ्ट आणि डिस्ट्रिब्यूटर. डिस्ट्रिब्यूटर विसरला जातो. ॲम्बेसेडरच्या डिस्ट्रिब्यूटरमधील वजने आणि स्प्रिंगा कमी कॉम्प्रेशनला जुळवलेल्या असतात, कॉम्प्रेशन ८.३ केल्यावर त्याच ॲडव्हान्सवर (ठिणगी किती आधी पडते त्यावर) गाडी चालवली तर घाटात, चढावर पूर्ण थ्रॉटल देताना इंजिन खडखडेल. इनलेट व्हॉल्व्हचा व्यासही मोजून कळवावा. दीड इंचापेक्षा लहान निघाले, तर सीट मोठ्या करून एमजीएच्या मापाचे व्हॉल्व्ह बसवता येतील. दोन एसयूंचे मॅनिफोल्ड बी-सिरीजच्या हेडवर तसेच बसते, त्यासाठी काही करावे लागणार नाही. कार्बोरेटर जुने घेतले तर थ्रॉटलचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. तो हलत असेल तर तेथून हवा ओढली जाते आणि कितीही ट्यूनिंग केले तरी आयडलिंग स्थिर राहत नाही. शाफ्ट आणि बुश येथे लेथवर करून देता येतात.

तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचे छायाचित्र हेड काढल्याबरोबर टाकावे, जळालेला भाग पुसू नये.

पावसचा_प्रवासी

हेड या रविवारी काढतो आणि छायाचित्र टाकतो. उजव्या बाजूच्या कडेच्या टिंकरकामासाठी रत्नागिरी किंवा लांज्याच्या परिसरात चॅसीचे माप धरून वेल्डिंग करणारे कोणी ठाऊक असल्यास कृपया मला वैयक्तिक निरोप पाठवावा.